सर, उत्तर उशिरा देते आहे

नेपोलियनच्या रशिया मोहिमेच्या अपयशाची कारणे आपण सगळ्यांनी पाठ केली होती : कडाक्याची थंडी, अपुरी रसद, लांबचा पल्ला. माझ्या वहीत सरांनी लाल शाईने लिहिले होते, ‘कारणे बरोबर. पण नेपोलियनला ती माहीत नव्हती का?’

त्या प्रश्नाचे उत्तर मला चाळिशीनंतर सापडले, युद्धशास्त्राच्या दोन अभ्यासकांमुळे. 1812 च्या त्या मोहिमेत दोघेही होते, पण विरुद्ध बाजूंना. स्वित्झर्लंडचा जोमिनी नेपोलियनच्या सैन्यात होता. प्रशियाचा क्लाउझेविट्झ झारच्या बाजूने बोरोदिनोच्या लढाईत होता.

जोमिनीच्या मते युद्धाची तत्त्वे कधी बदलत नाहीत. शत्रूच्या निर्णायक ठिकाणी आपले मुख्य बळ एकवटायचे, दोन शत्रुसैन्यांच्या मध्ये राहून एकेकाला गाठायचे. हे सगळे नकाशावर आखता येते, शिकवता येते.

क्लाउझेविट्झने नकाशावर न दिसणारी गोष्ट टिपली आणि तिला ‘घर्षण’ म्हटले. चिखलात रुतलेली गाडी, उशिरा पोचलेला निरोप, थकलेली माणसे. एकेक अडचण क्षुल्लक, पण सगळ्या मिळून बेत अडवतात. शिवाय युद्ध हे राजकारणाचे साधन. हेतू साधला नाही, तर जिंकूनही हाती काही लागत नाही.

नेपोलियनने रसदीची मोठी तयारी केली होती. पण अवजड गाड्या खराब रस्त्यांवर मागे पडल्या, घोडे भर उन्हाळ्यातच मेले. 14 सप्टेंबरला तो मॉस्कोत शिरला, झार मात्र तहाला आला नाही. पाच आठवडे वाट पाहून नेपोलियन परत फिरला.

माझ्या कामातही मी बरीच वर्षे जोमिनीचीच चेली होते. मग एका रात्री नवी प्रणाली सुरू करताना चोख आखलेला बेत कोसळला. कारण काय, तर एक डिस्क भरली होती आणि तिचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो प्रवासात होता. तेव्हापासून मी आराखडा जोमिनीसारखा काढते आणि त्यात क्लाउझेविट्झसाठी दोन दिवस मोकळे ठेवते.

क्लाउझेविट्झ 1831 मध्ये कॉलऱ्याने गेला. त्याचे अपुरे राहिलेले लेखन पत्नी मारीने पुढच्या वर्षापासून प्रसिद्ध केले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले.

तर सर, कारणे नेपोलियनला माहीत होती. पण कारण माहीत असणे वेगळे आणि ते चिखलातून ओढून नेणे वेगळे. आता तरी पूर्ण गुण द्याल ना?