आरीची लेक

माझ्या मावशीच्या हातात कायम दोन सुया, आत्याच्या हातात एक. दोघींनी जन्मभर एकमेकींच्या कामाला नावं ठेवली. मावशीच्या मते क्रोशा म्हणजे नुसतं फासात फास अडकवणं, त्याला विणकाम म्हणूच नये. ऊब असते ती सुलट-उलटाच्या विणीला. आत्या म्हणते, स्वेटर काय, यंत्रसुद्धा विणतं. माझा एक खांब यंत्राकडून घालून दाखवा. यात आत्याची बाजू भक्कम आहे. दोन सुयांचं काम करणारं यंत्र विल्यम ली याने १५८९ मध्येच बनवलं. खरा क्रोशा आजही हातानेच होतो.

हे भांडण मी भावकीतलं समजत होते. मराठीत दोन्ही 'विणणं'च आणि दोन्हींची हत्यारं 'सुई'च. पण ही भावकी नाहीच, कुळंच वेगळी आहेत, हे मला कळलं ते स्वामीमलैला.

कुंभकोणमच्या पश्चिमेला कावेरीकाठचं हे गाव. मावशीला घेऊन साठ संवत्सरांच्या साठ पायऱ्या चढले, स्वामीनाथाचं दर्शन घेतलं आणि पंचधातूच्या मूर्ती घडवणाऱ्या स्थपतींचं काम पाहायला निघाले. वाटेत ब्लाउज शिवणाऱ्या एका दुकानाशी मावशी थबकली. लाकडी चौकटीवर रेशमी कापड ताणून एक मुलगी लग्नाच्या ब्लाउजवर भरत होती. हत्याराचं नाव विचारलं तर म्हणाली, "आरी." मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, आरी तर चपला शिवायची!"

मग आम्ही तिथेच बसलो. लाकडी मुठीची बारीक सुई, टोकाशी खाच. उजवा हात वरून टोचतो. कापडाखाली डाव्या हातात दोरा असतो, तो खाचेत अडकतो आणि फास होऊन वर येतो. पुढच्या टोच्याला नवा फास आधीच्या फासातून वर येतो. हाच आपला साखळी टाका. मावशी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "खालचं कापड काढून घेतलं, तर ही तुझ्या आत्याची साखळी."

मावशीच्या या एका वाक्यावर मी पुढचं सगळं उभं करते आहे.

दोन सुयांच्या कामात ओळीतले सगळे टाके सुईवर जिवंत असतात; एक गळला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात साधारणपणे एकच फास जिवंत असतो. तो सुटला आणि दोरा ओढला की काम शेवटाकडून उसवत येतं. साखळी टाकाही तसाच. तांदळाच्या पोत्याचं तोंड पाहा, नेमका दोरा हाती लागला की शिलाई सर्रकन निघते. स्वभाव जुळतो तो भरतकामाशी.

'क्रोशे' हा शब्द फ्रेंच, अर्थ लहान आकडा. कोस या अर्थाच्या आपल्या 'क्रोश'शी त्याचं काही नातं नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ताणलेल्या कापडावर आकड्याने साखळी भरायची टूम निघाली. चौकट ढोलासारखी, म्हणून कामाचं नाव 'तांबूर'. या शब्दाच्या घडणीवर अरबी 'तंबूर'ची छाया आहे, म्हणजे आपला तंबोरा त्याचा सोयरा. मादाम द पोंपादूर तांबूरपाशी बसलेली द्रुएच्या १७६३-६४ च्या चित्रात दिसते. पुढे कापड गेलं, आकडा राहिला आणि या कामाला 'हवेतला क्रोशे' म्हणू लागले. नमुने छापले गेले ते १८२३ च्या सुमारास, 'पेनेलोपे' या डच मासिकात.

क्रोशाचं मूळ कोणी अरबस्तानात शोधतं, कोणी दक्षिण अमेरिकेत, कोणी चीनमध्ये. डेन्मार्कच्या लिस पालुदान यांना मात्र १८०० पूर्वीच्या युरोपात क्रोशाचा भरवशाचा पुरावा सापडला नाही, आणि मला त्यांचं पटतं. खरा प्रतिस्पर्धी आहे स्कॉटलंडची 'मेंढपाळी वीण'. एलिझाबेथ ग्रँट यांच्या आठवणींत १८१२ च्या संदर्भात तिचा उल्लेख येतो: आकड्याने केलेली लोकरीची दाट वीण, भरतकामाशी संबंध नसलेली. ती मोजे-हातमोज्यांपुरती ठीक. पण क्रोशाचा प्राण जाळीत आहे, आणि जाळीचा सोस होता भरत करणाऱ्यांना, मेंढपाळांना नव्हे.

तांबूर फ्रान्समध्ये आलं कुठून? तुर्कस्तान आणि चीन हेही दावेदार आहेत. मी कौल देते कच्छ-गुजरातच्या मोची कारागिरांना. त्यांचं आरीभरत सतराव्या शतकातच कंपनीच्या जहाजांतून युरोपात जात होतं. शिवाय आकड्याची खरी गरज चामड्याला. जोड्याच्या आत सुई फिरवायला हात पुरत नाही. वरून टोचून आतला दोरा ओढून घेणारं हत्यारच लागतं. चामड्यावरची आरी बारीक होऊन रेशमावर आली, हा क्रम मला सरळ वाटतो.

शब्दाची साक्षही याच बाजूची. हिंदीत आरी म्हणजे करवत, म्हणून भरतकामाच्या आरीला करवतीच्या दात्यांशी जोडायचा मोह होतो. पण मराठीत आरी टोचते. पराणीच्या टोकाचा खिळा तो 'आर'. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात पूषन् देव कंजूष पणींची हृदयं ज्याने टोचतो, ती 'आरा'. टोचण्याचा हा मूळ अर्थ मराठीने सांभाळला. इंग्रजी 'ऑल' यालाही बरेच अभ्यासक याच घराण्यात बसवतात.

मग आरी आपली असताना क्रोशा इथे का जन्मला नाही? माझं उत्तर असं: आपल्याकडे कापड उत्तम होतं, ते काढून टाकावं असं कोणाला का वाटेल? लेस महाग होती युरोपात. तयार क्रोशा परत आला मिशनऱ्यांबरोबर. गोदावरीच्या मुखाशी नरसापूरला स्कॉटिश मिशनऱ्यांनी तो १८४४ च्या सुमारास शिकवला.

घरी आल्यावर आत्याला हे सांगितलं. तिने जुन्या डब्यातून लाकडी मुठीची पोलादी सुई काढली. पॉपलिनमधून ती शिरेना. मग जुनी मलमल ताणून धरली, त्यातून शिरली. दोरा खाली धरून आत्याने कडेपर्यंत अकरा साखळ्या घातल्या. कापड संपलं, तरी हात थांबला नाही. बारावी साखळी हवेत पडली, तेरावी, चौदावी. मावशीने सुया मांडीवर ठेवून ते टोक बोटांत धरलं.