बेबी कॅरिअर
बेबी कॅरिअर हे तान्ह्या मुलाला अंगाशी बांधून नेण्याचे साधन आहे. पालघर जिल्ह्यातील आदिवासी स्त्रिया यासाठी कापडाची झोळी वापरतात. दोन लहान मुले असलेल्या आईचे हात त्यामुळे मोठ्या मुलासाठी मोकळे राहतात. कॅरिअरची निवड मुलाच्या वयावर अवलंबून असते. नवजात बालकाला छातीशी उभे धरणारा प्रकार योग्य ठरतो. बालकाचा चेहरा सतत दिसावा लागतो; हनुवटी छातीला टेकल्यास श्वास कोंडू शकतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१० मध्ये, विशेषतः चार महिन्यांखालील बालकांसंदर्भात, झोळीच्या वापराबाबत इशारा दिला होता. मांड्यांना पूर्ण आधार असल्यास खुब्याच्या सांध्यावर ताण येत नाही. आधाराविना बसणारे मूल पाठीवर घेता येते. त्यासाठी वजन कमरेवर पेलणारा रुंद पट्टा सोयीचा असतो.