ख्रिस्तपुराणाची ओवी आणि राजाज्ञा

देहूहून पंढरपुरास जाणारी तुकोबारायांची पालखी बारामती मागें टाकून सणसर-बेलवाडीवरून अंथुर्ण्यास येते व पुढें निमगांव केतकीच्या वाटेनें इंदापुरास जाते. अशाच एका मुक्कामीं, बाहेर अभंगांचा गजर चालला असतां, पोथ्या जमविणाऱ्या एका स्नेह्यानें आम्हांस प्रश्न केला कीं, "गुरुजी, रोमन लिपींत लिहिलेलें ख्रिस्ती पुराण मराठी पोथ्यांत धरावें काय?" आमचें उत्तर 'अवश्य धरावें' असें आहे. तें कां, हें येथें थोडक्यांत मांडतों.

ज्या साष्टी प्रांतांत हें पुराण जन्मलें तेथें इ. स. १५६७ सालीं पोर्तुगीजांनीं बहुतेक देवालयें पाडलीं. जुने धर्मग्रंथ बाळगण्यासही बंदी झाली. इ. स. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेजुइतांस ठार केलें व सरकारनें त्याचा क्रूर सूड घेतला. मृत पाद्र्यांचीं प्रेतें मिळवून त्यांस मूठमाती देण्यांत ज्याचा हात होता तो फादर थॉमस स्टीफन्स जातीनें इंग्रज; इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला व इ. स. १६१९ त वारला. तेव्हां ख्रिस्तपुराणाचा कर्ता निवांत मठींत बसलेला कवि नव्हता. एका हातीं शस्त्र व दुसऱ्या हातीं क्रूस घेतलेल्या राज्याचा तो प्रजाजन होता.

हें पुराण इ. स. १६१६ त रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. नागरी अक्षरांचे ठसे मिळावेत अशी स्टीफन्साची इच्छा इ. स. १६०८ च्या त्याच्या पत्रावरून दिसते. ती सफळ झाली नाहीं. ग्रंथाचे भाग दोन, 'पैलें पुराण' व 'दुसरें पुराण'. अध्यायांस तो 'अवस्वरु' म्हणतो. एकंदर अवस्वरु ९५ व ओव्या सुमारें ११,०००. छंद ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेचा, पहिल्या तीन चरणांस यमक असलेला. स्वर्गासही शब्द 'वैकुंठ'च. आरंभीं एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्र्यास म्हणतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं? आमच्या मतें साऱ्या ग्रंथाची किल्ली ह्या प्रश्नांत आहे. राज्यानें पोथ्या हिरावल्या, तरी पुराण ऐकण्याची कानाची भूक हिरावतां आली नाहीं; आणि ती भागवावयास परक्या पाद्र्यासही मराठी ओवीच हातीं धरावी लागली.

परंतु ज्या न्यायानें जुन्या पोथ्या गेल्या तोच न्याय पुढें ह्या ओवीसही लागला. इ. स. १६८३ च्या अखेरीस संभाजीमहाराजांच्या फौजा साष्टी-बारदेशांत शिरल्या. मोंगल चालून आल्यामुळें त्या इ. स. १६८४ च्या आरंभीं परतल्या व त्याच सालच्या २७ जून रोजीं विजरईनें हुकूम काढला कीं, प्रजेनें तीन वर्षांच्या आंत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. हुकुमांत कारण धर्मशिक्षणाच्या सोयीचें आहे. त्याचा संबंध लढाईच्या धास्तीशीं जोडणें हें आमचें अनुमान समजावें. पुढें इ. स. १७३६ त इन्क्विझिशननें ख्रिस्ती घरांतील लग्नाच्या ओव्याही मना केल्या. म्हणजे एके काळीं धर्मप्रसारार्थ जी ओवी छापली तीच सव्वाशें वर्षांच्या आंत संशयास्पद ठरली.

इ. स. १६४९ व १६५४ सालीं पुराण पुन्हां छापलें गेल्याचें प्रसिद्ध आहे. मात्र त्या तिन्ही आवृत्तींपैकीं एकही प्रत आज ज्ञात नाहीं. जें राहिलें तें हस्तलिखितांमुळें. गोव्यांतून कानडा प्रांतीं गेलेल्या कुटुंबांवर इ. स. १७८४ त टिपूनें श्रीरंगपट्टणच्या बंदिवासाची आपत्ति आणिली. तरीही त्या बाजूस वह्या राहिल्या व त्यांवरून सालढाणा यांनीं इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन आवृत्ति काढली. नागरी लिपींतील एक प्रत लंडन येथें मार्सडेन यांच्या संग्रहांत आहे. तिच्याकडे जस्टिन अ‍ॅबट यांनीं विद्वानांचें लक्ष वेधलें. तींत संस्कृत शब्द अधिक, म्हणून तीच मूळची, असें कोणी म्हणतात. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, तरी केवळ संस्कृताच्या भरीवपणावरून पाठ जुना ठरवूं नये असें आम्हांस वाटतें. मागाहून शुद्धि करणारा लेखकही असेंच करील. निर्णय अधिक प्रती मिळाल्यावांचून होणार नाहीं.

उलट पक्षीं पुण्याकडे पाहावें. पेशव्यांच्या फौजेंत गोव्याकडील ख्रिस्ती अंमलदार होते व त्यांच्या उपासनेकरितां सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, इ. स. १७९२ सालीं, देवळास जागा मिळाली. पुढें नारायण वामन टिळक इ. स. १८९५ त ख्रिस्ती झाले, तरी त्यांनीं अभंग-कीर्तन सोडलें नाहीं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलों असें ते सांगत. त्यांचें ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. येथें कोणाच्या आज्ञेनें ओवी आली नाहीं व कोणाच्या आज्ञेनें गेली नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच कीं, रोमन अक्षरांची जीर्ण वही हातीं आल्यास परकी म्हणून रद्दींत टाकूं नये. लिपि पाहून निकाल देण्यापूर्वीं चार ओळी मोठ्यानें वाचाव्या, कान ओळखील.