तळटीप १७ : सोलापूर लाल

१७. सोलापूर लाल : डाळिंबाचा खरा वाण, कादंबरीसाठी कल्पिलेला नव्हे. सोलापूरजवळ केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने (स्थापना २००५) तो तयार करून २०१७ साली प्रसारित केला. आत्याबाई वाटणीच्या बैठकीत त्याची जी कुळी सांगतात ती अशी : पुण्याच्या गणेशखिंडीतला ‘गणेश’ आणि ठेंगणा, शोभेचा ‘नाना’ यांचा संकर, त्याची हिमालयातल्या रानटी, आंबट ‘दारू’ डाळिंबाशी सोयरीक (अनारदाणा मिळतो तो याचाच), आणि त्या संततीचा ‘भगवा’शी संकर. दर १०० ग्रॅम ताज्या दाण्यांत लोह ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम, ‘गणेश’मध्ये २.७ ते ३.२. वाण परागसिंचन व निवड यांतून आला आहे. प्रयोगशाळेत परके जनुक घातलेले नाही. त्यामुळे धाकट्या भावाचा ‘जनुक बदललेलं फळ’ हा आरोप निराधार ठरतो. भारतात तशा पिकाला व्यापारी लागवडीची पहिली परवानगी २००२ साली मिळाली, ती बीटी कापसाला. पुढे ब्रुसेल्समध्ये जो वाद पेटतो तो नातीने केलेल्या जनुक-संपादित रोपाचा. युरोपीय न्यायालयाने २५ जुलै २०१८ रोजी अशा पिकांनाही जनुक-बदल पिकांचेच कायदे लागू केले. भारताने मार्च २०२२ मध्ये परके जनुक नसलेल्या संपादित पिकांच्या काही प्रकारांना त्या कडक नियमांतून सूट दिली. — संपा.