कादंबरीतील घोडा आणि वाळवंट

ऐतिहासिक कादंबरीतील घोडा रात्रंदिवस दौडतो. त्याला तहान म्हणून लागत नाही. वाळवंटातील प्रवासाचे खरे माप मात्र वेग नसून पाणी हे आहे. उन्हाच्या तलखीत घोड्यास दिवसाला सुमारे ४० लिटर पाणी लागते. कादंबरीकार ते कोठून आणणार? १५४२ साली हुमायून मारवाडातून उमरकोटकडे निघाला, त्या वाटचालीची कथा गुलबदन बेगमेने ‘हुमायूननामा’त सांगितली आहे. ती स्वतः त्या वाटेवर नव्हती. तरीही तिचा तपशील कल्पनेला लाजविणारा आहे. गर्भवती हमीदाबानू काफिल्यात होती, आणि घोड्याअभावी खुद्द बादशहावर उंटावर बसण्याची पाळी आली. अखेर पाणी सापडले, तेव्हा कित्येक घोडे व उंट ते अतोनात प्यायल्यानेच मेले.