प्लवक-खाद्य, सागरी मत्स्यालयातील

सागरी मत्स्यालयातील मासे, प्रवाळ व इतर गाळणभक्षी प्राणी यांना अन्न म्हणून दिले जाणारे सूक्ष्म सजीव, तसेच त्यांना गोठवून, वाळवून वा टिकवून तयार केलेले पदार्थ यांना एकत्रितपणे प्लवक-खाद्य म्हणतात. पाण्यात तरंगत राहणाऱ्या व प्रवाहाच्या विरुद्ध जाण्याइतके पोहण्याचे बळ नसलेल्या सजीवांसाठी जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये स्वतंत्र शास्त्रीय संज्ञा रूढ केली. त्यांपैकी प्रकाशसंश्लेषण करणारे ते वनस्पतिप्लवक आणि इतर सजीवांवर जगणारे ते प्राणिप्लवक होत (पहा : प्लवक).

प्रवाळभित्तीवर हे अन्न अखंड वाहत येते. भित्तीच्या समुद्राकडील कडेला प्लवकभक्षी माशांचे थवे दिवसा येणारे प्लवक टिपतात, तर अंधार पडल्यावर तळाच्या वाळूत व भेगांत दडलेले प्राणिप्लवक वर येतात आणि त्याच वेळी अनेक प्रवाळ आपली संस्पर्शके, म्हणजे भक्ष्य पकडणारे मऊ धागे, पसरतात. मत्स्यालयातील पाणी मर्यादित असते व ते स्वच्छ ठेवण्यासाठी गाळण्या, जंबुपार किरणांचे दिवे आणि फेसाबरोबर सेंद्रिय द्रव्य उचलून बाहेर टाकणारा स्किमर अशी साधने अहोरात्र चालू असतात. तीच साधने प्लवकही काढून टाकतात. त्यामुळे बहुतेक मत्स्यालयांत किती अन्न घातले यापेक्षा ते कोणत्या आकाराचे होते, जिवंत होते की नाही आणि खाणाऱ्याच्या तोंडापर्यंत पोहोचेपर्यंत पाण्यात टिकले की नाही, या बाबी अधिक निर्णायक ठरतात.

इतिहास : लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी नैसर्गिक समुद्रजल, हवेचे बुडबुडे आणि सजीवांनी व्यापलेले खडक एवढ्यावरच प्रवाळ जगवण्याची आपली पद्धत १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. अशा खडकांबरोबर लहान प्राणिप्लवकांची पैदासही टाकीत येत असल्यामुळे प्लवक-खाद्याच्या दृष्टीने ही पद्धत महत्त्वाची मानावी लागते.

रोटिफर : सागरी माशांच्या डिंभांचे, म्हणजे अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांचे, पहिले अन्न म्हणून ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस या चक्रधर प्राण्याचे स्थान अजून कोणी घेतलेले नाही. पूर्वी एकच जाती समजल्या गेलेल्या या नावाखाली प्रत्यक्षात अनेक निकटच्या जाती येतात, हे आता मान्य झाले आहे. त्यांच्या कवचाची लांबी साधारणपणे १०० ते ३४० मायक्रोमीटर असते आणि डिंभाच्या तोंडाच्या मापानुसार लहान वा मोठा प्रकार निवडता येतो. जपानमधील ईल माशांच्या तळ्यांत हा प्राणी एकाएकी वाढून पाणी बिघडवीत असे व म्हणून तो उपद्रवी गणला जाई. त्याच प्राण्याचा डिंभांचे खाद्य म्हणून उपयोग ताकाशी इतो यांनी १९६० मध्ये मांडला आणि सागरी मत्स्यसंवर्धनाची दिशाच बदलली. अनुकूल परिस्थितीत मादी नराशिवाय, अनिषेकजननाने, अंडी घालते व संख्या एकदोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. शिवाय रोटिफर संथ पोहतो, पाण्यात सर्वत्र विखुरलेला राहतो आणि दाटीही सहन करतो, त्यामुळे एका मिलिलिटरमध्ये शेकड्यांनी रोटिफर वाढवता येतात.

मात्र रोटिफराचे पोषणमूल्य त्याने काय खाल्ले यावर अवलंबून असते. केवळ बेकरीतील यीस्टवर वाढवलेले रोटिफर संख्येने भरपूर दिसले, तरी डोकोसाहेक्झेनॉइक अम्ल (डीएचए) व आयकोसापेंटेनॉइक अम्ल (ईपीए) ही वसाम्ले त्यांच्यात अत्यल्प असतात. डिंभांचे डोळे व चेतासंस्था यांच्या वाढीला डीएचए अत्यावश्यक असल्यामुळे असे अन्न पोटभर खाऊनही डिंभ मरतात. म्हणून खाऊ घालण्यापूर्वी काही तास रोटिफरांना शैवल किंवा वसाम्लयुक्त पायस देतात. या क्रियेला समृद्धीकरण म्हणतात. समृद्ध केलेले रोटिफर लवकरात लवकर खाल्ले जाणे आवश्यक असते, कारण त्यांच्या पोटातील हा साठा काही तासांतच कमी होऊ लागतो. संवर्धनटाकीत अमोनिया साठला किंवा सूक्ष्म केसलधारी जीवांची गर्दी झाली, तर सारी पैदास थोड्या वेळात नष्ट होते. म्हणून अनुभवी संवर्धक एकाच टाकीवर विसंबत नाहीत. विदूषक मासा (क्लाउनफिश) मत्स्यालय-व्यवसायासाठी मोठ्या प्रमाणावर पैदा करता आला, तो त्याचे डिंभ पहिल्या दिवसापासून रोटिफर खातात म्हणून.

आर्टेमिया : मिठागरांत व खाऱ्या सरोवरांत राहणाऱ्या या कवचधारी प्राण्याची सुप्तावस्थेतील अंडी वाळवून अनेक वर्षे ठेवता येतात आणि २५ ते २८ अंश सेल्सियस तापमानाच्या खाऱ्या पाण्यात सुमारे २४ तासांत त्यांतून नॉप्लियस ही पहिली डिंभावस्था बाहेर पडते. सॅन फ्रान्सिस्को येथील स्टाइनहार्ट मत्स्यालयातील ॲल्विन सील यांनी १९३३ मध्ये व नॉर्वेतील गुन्नार रोलेफसेन यांनी १९३९ मध्ये हे डिंभांचे खाद्य म्हणून पुढे आणले. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक हे या अंड्यांच्या व्यापाराचे प्रमुख उगमस्थान असून बेल्जियममधील घेंट विद्यापीठात आर्टेमियाच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे. नॉप्लियस ४०० ते ५०० मायक्रोमीटरचा, म्हणजे रोटिफराहून मोठा असतो. पहिल्या अवस्थेत त्याचे तोंड बंद असते व तो स्वतःच्या पिवळ्या बलकावर जगतो. सुमारे आठ तासांनी कात टाकल्यावरच तो खाऊ लागतो. त्यामुळे ताजे नॉप्लियस ताबडतोब द्यावेत, अन्यथा कात टाकू देऊन समृद्ध करून द्यावेत. अंड्यांची रिकामी कवचे डिंभांच्या आतड्यात अडकू शकतात. नॉप्लियस प्रकाशाकडे जातात या सवयीचा उपयोग करून ती वेगळी काढतात किंवा हायपोक्लोराइटने आधीच विरघळवतात.

कोपेपोड : समुद्रातील डिंभांचे खरे नैसर्गिक अन्न हे सूक्ष्म कवचधारी प्राणीच होत. त्यांचे सर्वांत लहान नॉप्लियस १०० मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात, झटके देत पोहण्याची त्यांची पद्धत डिंभांची शिकारवृत्ती जागी करते आणि वेगळे समृद्धीकरण न करताही त्यांच्यात डीएचए भरपूर असते. टिस्बे व टिग्रिओपस यांसारखे तळाशी राहणारे प्रकार मत्स्यालयात सहज रुजतात व मँडरिन माशासारख्या वेचून खाणाऱ्या माशांना त्यांचाच आधार असतो. पाण्यात मुक्त पोहणारे पार्व्होकॅलॅनस व अकार्शिया हे कॅलॅनॉइड मात्र दाटी सहन करीत नाहीत, त्यांना जिवंत शैवलच लागते आणि त्यांची पैदास खर्चिक ठरते. रोटिफरांवर न जगणाऱ्या पिवळ्या टँग माशाचे डिंभ हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये प्रथमच वाढवले, ते कॅलॅनॉइड नॉप्लियसांच्या बळावर. पुढच्याच वर्षी फ्लॉरिडा विद्यापीठात निळ्या टँगचीही पैदास झाली. समुद्रातून पकडून आणलेल्या माशांवरचा भार हलका करण्याचा हा एक टिकाऊ मार्ग आहे.

वनस्पतिप्लवक : नॅनोक्लोरॉप्सिस (ईपीए विपुल, डीएचए जवळजवळ नाही), आयसोक्रायसिस (डीएचए चांगले) व टेट्रासेल्मिस हे प्रकार विशेष वापरात असून ते सामान्यतः गिलार्ड यांच्या एफ/२ या पोषक द्रावणात वाढवतात.

प्रवाळांचे पोषण : ग्रेट बॅरिअर रीफवरील १९२८–२९ च्या ब्रिटिश मोहिमेत सी. एम. यंग यांनी प्रवाळ हे मुख्यतः मांसाहारी असल्याचा निष्कर्ष काढला होता. प्रवाळांच्या ऊतींत राहणारी सहजीवी शैवले प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेली द्रव्ये यजमानाला देतात, हे नंतर लेनर्ड मस्कॅटिन प्रभृतींनी किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने दाखवले, आणि मत्स्यालयांत प्रकाश हेच प्रवाळांचे अन्न ही समजूत दृढ झाली. दोन्ही टोके आता सोडली गेली आहेत. निरोगी प्रवाळ आपल्या दैनंदिन ऊर्जेच्या गरजेपैकी सुमारे १५ ते ३५ टक्के भाग भक्ष्यापासून मिळवतात असा अंदाज असून, विरंजन होऊन शैवले गमावलेल्या काही जातींत हे प्रमाण त्याहून पुष्कळ वाढते. सहजीवी शैवले मुळातच नसलेले ट्युबास्ट्रियासारखे प्रवाळ नियमित खाद्याशिवाय मरतात. तांबड्या समुद्रातील डेंड्रोनेफ्थिया या मृदू प्रवाळाचे अन्न मुख्यतः वनस्पतिप्लवक आहे, हे १९९५ मध्ये दिसून आले. अश्मप्रवाळांना वनस्पतिप्लवकाचा थेट लाभ कितपत होतो, याविषयी मात्र मतभेद आहेत.

देण्याची पद्धत : खाद्य नळीने थेट प्रवाळाजवळ सोडतात किंवा पाण्यात सर्वत्र पसरवतात व त्या वेळी स्किमर काही काळ बंद ठेवतात. अतिरिक्त खाद्य कुजून नायट्रेट व फॉस्फेट वाढतात.

भारत : मुंबईतील वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया आढळल्याची नोंद १९५० च्या दशकातील आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या विळिंजम व मंडपम येथील केंद्रांत कोपेपोडांचे संवर्धन व शोभिवंत सागरी माशांची पैदास यांवर काम झाले आहे. महाराष्ट्रात मालवणजवळ प्रवाळ आढळतात; तथापि भित्ती बांधणारे प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण असल्यामुळे ते समुद्रातून काढून मत्स्यालयात ठेवता येत नाहीत.