टायब्रेकर: एका घाईचा मागोवा

‘बोर्ग व्हर्सेस मॅकेन्रो’ हा २०१७ चा चित्रपट पाहायला बसणाऱ्याला शेवट बहुधा आधीच ठाऊक असतो. १९८० च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात स्वीडनच्या बियाँ बोर्गने अमेरिकेच्या जॉन मॅकेन्रोला हरवून सलग पाचवं अजिंक्यपद मिळवलं. तरीही दिग्दर्शक यानुस मेट्झ प्रेक्षकाला खिळवून ठेवतो, ते चौथ्या सेटच्या टायब्रेकरवर. चौतीस गुण, वीसेक मिनिटं आणि निकाल १८-१६, तोही मॅकेन्रोच्या बाजूने. चित्रपटाचा कळस हरणाऱ्याने जिंकलेला आहे. हे घडू शकलं ते ज्या नियमामुळे, तो नियम मुळात सामने लवकर आटोपावेत म्हणून आणला गेला होता.

त्याआधीचा कायदा साधा होता: सेट जिंकायचा तर दोन गेमची आघाडी हवी, मग कितीही वेळ लागो. १९६९ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत ४१ वर्षांचा पांचो गोन्झालेस आपल्याहून बराच तरुण असलेल्या चार्ली पासारेलशी खेळला. पहिला सेट २२-२४ असा संपेपर्यंत अंधारून आलं होतं. गोन्झालेसने खेळ थांबवायची मागणी केली, ती मान्य झाली नाही. चिडून त्याने दुसरा सेट १-६ असा सोडून दिल्यासारखा घालवला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी तो परतला, शेवटच्या सेटमध्ये सात मॅच पॉइंट वाचवले आणि १६-१४, ६-३, ११-९ असा जिंकला. एकूण ११२ गेम, पाच तास बारा मिनिटं. या खेळाचं कौतुक झालं, पण स्पर्धेचं वेळापत्रक आखणाऱ्यांच्या आणि टीव्हीवाल्यांच्या पोटात गोळा यावा असाच तो सामना होता.

त्यावरचं औषध अमेरिकेत आधीच तयार होतं. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचे जिमी व्हॅन ॲलन हे घरचे श्रीमंत, टेनिसचे जुने भक्त. तिथलं टेनिसचं ‘हॉल ऑफ फेम’ त्यांनीच उभं केलं. १९५४ मध्ये न्यूपोर्टच्या अंतिम सामन्यात हॅमिल्टन रिचर्डसनने स्ट्रेट क्लार्कला ६-३, ९-७, १२-१४, ६-८, १०-८ असं हरवलं. सामना लांबत गेला तसा व्हॅन ॲलनचा संयम सुटला आणि त्यांनी टेनिसची गुणपद्धतीच नव्याने मांडायला घेतली. पंधरा, तीस, चाळीस हा घोळ त्यांना नको होता, सरळ एक, दोन, तीन मोजा असं त्यांचं म्हणणं. १९६५ मध्ये न्यूपोर्टलाच व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरवून त्यांनी ही पद्धत मैदानात उतरवली. तिच्यातलं टिकलं ते एकच अंग: सेट बरोबरीत अडला की थोड्या गुणांत निकाल लावणारा टायब्रेकर.

त्यांचा स्वतःचा टायब्रेकर जास्तीत जास्त नऊ गुणांचा होता. आधी पाच गुण मिळवेल त्याचा सेट. ४-४ झालं की पुढचा एकच गुण दोघांचाही सेट पॉइंट. नाव ‘सडन डेथ’. १९७० मध्ये अमेरिकन ओपनने तो स्वीकारला. ही स्पर्धा तेव्हा जिथे होई त्या फॉरेस्ट हिल्सला, कोर्टावर टायब्रेकर सुरू झाला की लाल झेंडा लागे आणि प्रेक्षक त्या कोर्टाकडे धावत. खेळाडूंना मात्र ही सोडत वाटे. म्हणून दुसरा प्रकार रुळला: आधी सात गुण, पण दोन गुणांची आघाडी हवीच. दोनच्या आघाडीचा जुना कायदा असा मागच्या दाराने नव्या नियमात शिरला. व्हॅन ॲलनना हा प्रकार कधीच पटला नाही. सामना संपवायला आणलेली गोष्टच न संपणारी झाली, ही त्यांची तक्रार. १९७५ पासून अमेरिकन ओपननेही हाच प्रकार घेतला.

विम्बल्डनने घाई केली नाही. १९७१ मध्ये टायब्रेकर आला तो ८-८ वर, आणि निर्णायक सेटला त्यातून सूट. १९७९ मध्ये तो ६-६ वर आणला. त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत आपला विजय अमृतराज बोर्गविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. चौथा सेट टायब्रेकरमध्ये गेला, तो बोर्गने घेतला आणि पाचवा ६-२ असा. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात उभं राहायला चार वेळचा विजेता बोर्ग उरला, त्यात त्या टायब्रेकरचा मोठा वाटा होता.

५ जुलै १९८० च्या सामन्याकडे या वाटेने पाहिलं की त्याची घडण कळते. एकाच सामन्यात दोन कायदे नांदत होते. चौथा सेट नव्या कायद्याने संपला: मॅकेन्रोने त्या सेटमध्ये एकूण सात अजिंक्यपद-गुण वाचवले, त्यातले पाच टायब्रेकरमध्ये. व्हॅन ॲलनच्या मूळ नियमाने फार तर नवव्या गुणाला पडदा पडला असता. चौतीसपर्यंत ताणलं ते त्यांना नको असलेल्या दोनच्या आघाडीने. पाचवा सेट जुन्या, मोकळ्या कायद्याने झाला आणि बोर्गने तो ८-६ असा जिंकला. पुढच्या वर्षी मॅकेन्रोने विम्बल्डन घेतलं ते ४-६, ७-६, ७-६, ६-४ असं, म्हणजे दोन टायब्रेकर जिंकून. दोघांच्या चौदा लढती सात-सात अशा बरोबरीतच राहिल्या.

पटकथेला टायब्रेकर का मानवतो, हेही यातच दडलं आहे. टेनिस न कळणाऱ्या प्रेक्षकाला ‘ड्यूस’ समजावत बसलं तर प्रसंगातली धग जाते. टायब्रेकरमध्ये आकडे सरळ चढतात आणि दोन गुणांचं अंतर कुणालाही कळतं. व्हॅन ॲलनने गुण सोपे करायचा हट्ट धरला तो गॅलरीतल्या प्रेक्षकासाठी, पाच दशकांहून अधिक काळाने तो दिग्दर्शकाच्या कामी आला. बोर्गचा बर्फ आणि मॅकेन्रोचा अंगार ही जोडी २०११ च्या माहितीपटाच्या नावातच होती. मेट्झचा चित्रपट त्या बर्फाखाली किती आग होती हे दाखवतो, लहानग्या बोर्गच्या भूमिकेत खुद्द बोर्गच्या मुलाला, लिओला घेऊन.

मोकळा पाचवा सेट मात्र पुढे महाग पडला. २०१० मध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहूत विम्बल्डनला तीन दिवस, अकरा तास पाच मिनिटं खेळले. शेवटचा सेट ७०-६८. २०१८ च्या उपांत्य सामन्यात केव्हिन अँडरसनने इस्नरला शेवटच्या सेटमध्ये २६-२४ असं हरवलं. पुढच्याच वर्षी विम्बल्डनने निर्णायक सेटला १२-१२ वर टायब्रेकर लावला आणि त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात जोकोविचने फेडररला त्याच टायब्रेकरमध्ये हरवलं. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांत निर्णायक सेटमध्ये ६-६ झालं की दहा गुणांचा टायब्रेकर. २०२५ ची फ्रेंच ओपन अल्काराझने सिनरविरुद्ध जिंकली ती अशीच.

आजच्या नियमाने बोर्ग-मॅकेन्रोचा पाचवा सेटही ६-६ ला थांबला असता, आणि चौतीस गुणांचा टायब्रेकर नुकताच गमावलेल्या बोर्गला पुन्हा टायब्रेकरलाच सामोरं जावं लागलं असतं. तो कोण जिंकला असता, हे सांगणं अवघड आहे. पण नव्या नियमाने मॅकेन्रोला चित्रपटाचा कळस दिला आणि जुन्याने बोर्गला अजिंक्यपद. दोघांच्याही पदरात काहीतरी टाकणारा असा सामना आता नियमांतच बसत नाही.